कुलूपवाल्या काकांची साक्ष

रविवार, १ सप्टेंबर

सर्वप्रथम क्षमा मागते. जिच्या आयुष्यात परीक्षांखेरीज आजवर काहीही घडलेले नाही, अशा व्यक्तीने दैनंदिनी लिहायला बसणे हे धारिष्ट्यच आहे. थोरामोठ्यांनी लिहावी, आजारी माणसांनी लिहावी, तुरुंगात असलेल्यांनी तर अवश्य लिहावी. मी तेवीस वर्षांची असून चार मुलींना निबंध शिकवते, आणि माझा आजवरचा सर्वांत मोठा आजार म्हणजे सर्दी. तरीही लिहीत आहे, कारण आज मंडळीची पूर्ण सभासद म्हणून माझा स्वीकार झाला आणि उपासनेनंतर पाळकीणबाईंनी ही वही माझ्या हातात ठेवली.

"डाव्या पानावर देवानं आज काय दिलं ते लिही," त्या म्हणाल्या. "उजव्या पानावर, त्याचं तू काय केलंस ते. आशीर्वाद काय, कुणीही मोजतं. उजवं पान भरणं अवघड असतं."

मी नम्रपणे मान हलवली. शाळेत अवघड प्रश्न नेहमी मलाच विचारले जात, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

तर, डावे पान: देवाने मला भाषा दिली. उजवे पान: त्या भाषेचा मी मंडळीसाठी उपयोग करते. आमच्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक सभासद सर्वांसमोर उभा राहून साक्ष देतो, म्हणजे प्रभूने आपले जीवन कसे पालटले ते दहा मिनिटांत सांगतो. अनेकांना ते लिहून काढणे जमत नाही. शालान्त परीक्षेत भाषेत मी केंद्रात पहिली आल्यापासून ही माणसे माझ्याकडे येतात. आजवर सात साक्षी लिहिल्या. स्वतः मात्र एकदाही उभी राहिलेली नाही. गायनमंडळात माझा आवाज माझ्या शेजारणीपर्यंतही पोहोचत नाही, आणि ती त्याबद्दल समाधानी आहे.

या महिन्यात कुलूपवाल्या काकांची पाळी आहे.

मंगळवार, ३ सप्टेंबर

काका आले. चपलांचे दुकान आणि झेरॉक्सचे दुकान यांच्यामधल्या बोळवजा गाळ्यात ते कुलुपे दुरुस्त करतात आणि किल्ल्या घडवतात. समोरच्या इमारतीतील बेचाळीस घरांपैकी अडतीस घरांची जादा किल्ली त्यांच्या दुकानातील फळीवर टांगलेली असते. दार ओढले गेले आणि किल्ली आत राहिली, की माणूस धावत त्यांच्याकडे येतो. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते मला "मास्तरीणबाई" म्हणाले. मी वही उघडली.

"काका, प्रभूला ओळखण्यापूर्वी तुमचं जीवन कसं होतं?"

"दुकान होतं."

"आणि नंतर?"

"दुकानच आहे."

"एखादं व्यसन? दारू वगैरे?"

"मला पित्ताचा त्रास. चहासुद्धा सोसत नाही."

"भांडणं?"

"काकूशी. पण ती चालूच आहेत."

मी धीर सोडला नाही. प्रभूने तुमच्यासाठी नेमके काय केले, असे विचारले. त्यांनी बराच वेळ विचार केला. इतका की आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

"सांभाळलं," ते म्हणाले.

एका शब्दाची साक्ष दहा मिनिटे कशी चालवावी? त्यानंतर ते आपल्या कामाविषयी पुष्कळ बोलले. कुणाच्या घरचे कुलूप उघडले, की ते लगेच दाराकडे पाठ करून उभे राहतात. घरमालक आधी आत जातो, मग हे हत्यारे आवरतात. तीस वर्षांचा परिपाठ आहे. मी समासात "विषयांतर" असे लिहिले आणि त्यांना निरोप दिला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

तीन वेळा लिहिले, तीन वेळा फाडले. खड्डा नाही तर वर काढणारा हात कुठून आणावा? आई परिचारिका आहे. बारा तासांची पाळी करून आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली.

"साधा माणूस आहे, विदुषी. साधंच लिही."

आईला साहित्याची जाण नाही.

चौथ्या वेळी मात्र लेखणी आपोआप चालली. तरुणपणी काका एका घरी कपाटाचे कुलूप उघडायला जातात. घरात कुणी नसते. कपाटात सोन्याची साखळी चकाकते. ते ती खिशात घालतात, दारापर्यंत जातात; तेथे अंतःकरणात एक हळुवार वाणी उमटते; ते परत फिरतात आणि साखळी जागेवर ठेवतात. आधी अंगठी योजली होती, पण अंगठी फार लहान वाटली. साखळी ओंजळीत घेता येते, तिला ओघळता येते.

हे घडलेले नाही, याची मला कल्पना आहे. परंतु मोह कुणाला होत नाही? काकांनाही कधीतरी झालाच असेल, त्यांना आठवत नसेल इतकेच. शिवाय वस्तू परत ठेवलेली आहे, त्यामुळे कुणाचे नुकसान नाही. मी त्यांच्या आयुष्यात काही घातले असे नव्हे. जे होते त्याला आकार दिला.

रविवार, ८ सप्टेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही. कागद मी कालच दुकानात नेऊन दिला होता. काकांचा चष्मा दुरुस्तीला गेलेला होता. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," असे म्हणून त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

आज चष्मा आला होता. काका संथ वाचतात, एकेका शब्दावर पाय रोवत. साखळीच्या वाक्यापाशी ते थांबले. त्यांनी चष्म्यावरून थेट माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्या ओळीत बसले होते. उत्तेजन द्यावे म्हणून मी मान हलवली. मग त्यांनी खाली पाहिले आणि शेवटपर्यंत वाचले. एवढा परिणामकारक विराम मी लिहूनही साधला नसता. या माणसात वक्त्याचे गुण आहेत, हे कुणाच्या लक्षात कसे आले नाही?

मागच्या बाकावर दोघी डोळे टिपत होत्या. पाळकसाहेबांनी काकांना मिठी मारली.

डावे पान आज अपुरे पडले.

बुधवार, ११ सप्टेंबर

तीन दिवसांत तिघांनी साक्ष लिहून मागितली. शिवणक्लासवाल्या मावशी म्हणाल्या, "मला पण त्या साखळीसारखं काहीतरी घाल ना. फार मोठं नको. मिस्टर समोर बसलेले असतात."

रविवार, १५ सप्टेंबर

आज प्रभुभोजनाच्या वेळी ओळीने सर्व जण पुढे गेले. काका मात्र जागेवरच बसून राहिले. काकूंनी कोपर मारले, तरी उठले नाहीत. साक्षीमुळे त्यांच्यात किती खोल नम्रता आली आहे, हे पाहून माझे मन भरून आले. मी स्वतः भाकर आणि द्राक्षरस घेऊन अतिशय प्रसन्न चित्ताने परतले.

मंगळवार, १७ सप्टेंबर

समोरच्या इमारतीत माझ्या दोन शिकवण्या आहेत. आज मुलगी निबंध लिहीत असताना तिची आई शेजारी येऊन बसली. आमच्या मंडळीतली दोन कुटुंबे याच जिन्यावर राहतात.

"तुमच्या चर्चमधले ते कुलूपवाले," ती म्हणाली. "आम्ही आमची किल्ली परत आणली हो त्यांच्याकडून."

"का बरं?"

"तसं काही नाही. माणूस चांगला आहे. पण स्वतःच म्हणाला ना सगळ्यांसमोर, कुणाची तरी साखळी खिशात घातली होती म्हणून. परत ठेवली म्हणे. आता ठेवली की नाही, ते कुणी बघितलंय? आणि एकदा हात गेला की तो पुन्हा जातोच."

"ते फार जुनं आहे," मी म्हणाले. घडलेच नाही, असे म्हणायचे होते. तोंडातून आले ते हे.

परतताना दुकानासमोरून न जाता पलीकडच्या पदपथाने गेले. तरी दिसलेच. फळीवर नऊ किल्ल्या उरल्या होत्या. नुसते खिळे पाहून ही फळी एवढी रुंद आहे, हे प्रथमच कळले.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दोन दिवस मला सर्दी झाल्याचे मी घरी सांगितले. आईने कपाळाला हात लावला, नाडी पाहिली आणि म्हणाली, "सर्दी नाही, सबब आहे." आज दुकानात गेले.

काका कानशीने किल्लीचे दात घासत होते. काकूंनी मला बसायला स्टूल दिले, हे विशेष, कारण बसायच्या लायकीची मी नव्हते. मी घरून सात वाक्ये पाठ करून आले होते. पहिल्याच वाक्यात अडकले. शेवटी एवढेच म्हणाले, "काका, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मान हलवलीत," ते म्हणाले. "मला वाटलं, साक्ष अशीच लिहायची असते."

"थाप मारतायत," काकू आतून म्हणाल्या. "घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, पोरगी समोर बसलीय, तोंड असं उजळलेलं, आणि सगळ्यांपुढं मी कसं म्हणू की हिनं खोटं लिहिलंय? उद्या हिच्याकडं कोण मुलं पाठवील?"

"तू गप गं."

"गप कशाला? अडतीस किल्ल्या होत्या. एकेक येतो, गोड बोलतो, नेतो. परवा एक बाई तर म्हणाली, काका, माहेरचे येणारेत, त्यांना द्यायचीय. अगं, तुझं माहेर याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर."

काका हसले. मग कानस खाली ठेवून म्हणाले, "किल्ल्यांचं काय, येतील नाहीतर जातील. पण देवाच्या घरात उभं राहून मी खोटं वाचलं, मास्तरीणबाई. मला कळत होतं, तरी वाचलं. ते तुमच्या माथी नाही मारता येत. आता ती भाकर कोणत्या तोंडानं घेऊ?"

मी गेल्या रविवारी कोणत्या तोंडाने घेतली होती, ते याच वहीत मागे लिहिलेले आहे. "अतिशय प्रसन्न चित्ताने." शब्द मीच निवडले आहेत.

मी सगळ्यांना सांगते, असे म्हणाले.

"नका," काका म्हणाले. "तुमचं सगळं पुढं आहे अजून."

"सांगू दे," काकू म्हणाल्या.

शनिवार, २१ सप्टेंबर

पाळकसाहेबांना सर्व सांगितले. ते रागावतील, या अपेक्षेने मी रुमाल नेला होता. ते रागावले नाहीत. उठून खिडकीशी गेले.

"पंधरा वर्षं ओळखतो मी त्याला," ते म्हणाले. "साखळी ऐकली तेव्हा मला नवल वाटायला हवं होतं. मी खूश झालो. वाटलं, बऱ्याच दिवसांनी एक जोरदार साक्ष मिळाली." मग वळून म्हणाले, "जिथं सांडलं तिथंच पुसायचं. उद्या मी वेळ देतो."

"मी लिहून दिलं तर तुम्ही वाचाल?"

"नाही."

"घसा जरा—"

"नाही, बाई."

रविवार, २२ सप्टेंबर

उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, दीडशे माणसांसमोर. भाषण चोख पाठ होते, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा आवाज पुष्कळ दूर गेला. मी म्हणाले की लेखणी ही दुधारी तलवार असते. की अहंकाराच्या धुक्यात मी एका निर्मळ जीवनावर कल्पनेची काजळी फासली. की शब्दांच्या मोहाने सत्याचा दीप मंदावतो. की आज मी भग्न अंतःकरणाने आपणा सर्वांपुढे नतमस्तक आहे. एकूण चार मिनिटे.

खाली बसले तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बाहेर शिवणक्लासवाल्या मावशींनी मला जवळ घेतले. "किती नम्र पोरगी. एवढी हुशार असून बघा." गायनमंडळाच्या प्रमुखांनी पुढल्या स्मरणिकेसाठी प्रत मागितली. एका आजोबांनी सांगितले की त्यांनाही तरुणपणी धुक्याचा त्रास होता.

घरी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काय बोललीस ते मला कळलं नाही, आणि मी तुझी आई आहे."

"मी कबुली दिली."

"कसली?"

"साखळीची."

"साखळी म्हणालीस तू? काका म्हणालीस? कुलूप?"

मी आठवून पाहिले. चार मिनिटांत यातला एकही शब्द आला नव्हता.

सकाळी प्रभुभोजनाला काका आजही जागेवरून उठले नव्हते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मीही बसूनच राहिले. या वेळी नम्रता वगैरे काही नव्हते.

सोमवार, २३ सप्टेंबर

आधी इमारत, मग मंडळी, असे ठरवून इमारतीच्या सचिवांकडे गेले. हे निवृत्त मीटर-तपासनीस आहेत आणि माणसाकडेही आकडा वाचावा तसे पाहतात. मी दारातच सांगून टाकले. बसून सांगायला गेले असते तर प्रस्तावना झाली असती.

"पण तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला," सचिव म्हणाले.

"मी लिहून दिलं होतं. त्यांनी आधी वाचलं नव्हतं. साखळी मी बनवली."

"बनवली म्हणजे?"

"मनानं. तसं काही घडलंच नाही."

"का पण?"

याचे उत्तर मला तेथे उभे असेपर्यंत सापडले नाही. घरी येईपर्यंत सापडले: वाचायला बरे वाटावे म्हणून. एका माणसाचे तीस वर्षांचे नाव, वाचायला बरे वाटावे म्हणून.

"तुम्ही आमच्या नातीला निबंध शिकवता, त्याच ना?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिहून द्या. सहीनिशी. जिन्यातल्या फलकावर लावतो आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकतो. आणि हे बघा, थोडक्यात. लोक उभ्या उभ्या वाचतात." मी पायऱ्या उतरू लागल्यावर वरून म्हणाले, "नातीच्या शिकवणीचं घरात विचारून कळवतो."

त्यांनी कळवायचे ते काय असेल, हे मला समजले. दुसरी शिकवणीही त्याच जिन्यावर आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पहाटे उठून लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. आई पाळीवर निघण्याआधी चहा पिता पिता त्यावर लाल पेनाने रेघा मारू लागली.

"हे काय? 'अंतर्मुख होऊन विचार करता.' काढ. 'नियतीच्या', आणि तेही ख्रिस्ती माणसाच्या पत्रात? काढ. आम्ही तक्त्यावर काय लिहितो? ताप किती, औषध कोणतं, कधी दिलं. पुढच्या पाळीवरचीला तेवढंच लागतं. रोग्याचं मन कसं होतं, ते ती बघते तिचं ती."

दोन पानांचे एक झाले, एकाचे अर्धे. आई बसची वेळ झाली म्हणून गेली. तिने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो ती फक्त ताप असला तरच ठेवते.

उरलेले घेऊन दुकान उघडायच्या वेळी काकांकडे गेले. या वेळी चष्मा आहे ना, हे आधी विचारले. "वाचा. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय कुठंही जाणार नाही."

त्यांनी शटर अर्धे वर केले आणि उजेडात उभे राहून एकेका शब्दावर पाय रोवत मोठ्याने वाचले. काकू हातात झाडू घेऊन ऐकत होत्या. शेवटच्या ओळीपाशी काका थांबले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही. हलवायची हिंमत नव्हती.

"हे 'निष्पाप' काढा," ते म्हणाले.

"काका, पण तुम्ही खरंच—"

"निष्पाप कोण आहे, मास्तरीणबाई? उगाच पुन्हा खोटं होईल. साखळी घेतली नव्हती, एवढं राहू द्या. तेवढं खरं आहे."

"आणि भांडखोर आहेत म्हणून लिही," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्याच पेनाने तो शब्द खोडला. मग तेथेच, स्टुलावर बसून, फोनवर नव्याने उतरवले. आमच्या मंडळीच्या गटावर मी तीन वर्षे आहे आणि आजवर एकही ओळ लिहिलेली नाही. इतरांची मनातल्या मनात शुद्ध केली, एवढेच. पत्र असे झाले:

"८ सप्टेंबरला कुलूपवाल्या काकांनी जी साक्ष वाचली, ती मी लिहिली होती. त्यातील सोन्याच्या साखळीचा प्रसंग मी रचला. काकांनी मला असे काहीही सांगितले नव्हते, आणि कागद त्यांनी आधी वाचलेला नव्हता. उभे राहून वाचताना ते थांबले, कारण ते खोटे होते. मी त्यांना मान हलवून पुढे वाचायला लावले. परवा मी चर्चमध्ये जे बोलले, ते याविषयीच होते, पण मी ते स्पष्ट सांगितले नाही. काकांनी कुणाचीही साखळी घेतलेली नाही. ज्यांना काही विचारायचे असेल, त्यांनी मला विचारावे." खाली माझे पूर्ण नाव.

वाचून पाहिले. अत्यंत रुक्ष आहे. माझ्या विद्यार्थिनीने असा निबंध लिहिला असता तर मी दहापैकी चार दिले असते.

मंडळीच्या गटावर आणि इमारतीच्या सचिवांना, दोन्हीकडे, मंगळवार, २४ सप्टेंबर रोजी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी पाठवले.